सिमरोलजवळचं घर, मागे सागाचं जंगल, शेजारी गव्हाचं शेत: आग धरणार नाही आणि पक्षी-फुलपाखरंही येतील अशी देशी बाग कशी लावायची?

मोगरा_इंदूर

नमस्कार मंडळी. आमची इंदूरजवळ सिमरोलच्या पुढे चोरलच्या बाजूला पाऊण एकर जागा आहे, त्यात कवेलूचं (कौलांचं) छोटं घर. आधी सुट्टीलाच जायचो पण सासरे रिटायर झाल्यापासून ते आणि सासूबाई वर्षातले बरेच महिने तिथेच असतात. घराच्या मागे उतार आहे आणि उताराच्या खाली सागाचं जंगल सुरू होतं, पश्चिमेला शेजाऱ्यांचं गव्हाचं शेत, पुढे रस्ता.

गेल्या एप्रिलमध्ये गहू काढून झाल्यावर शेतातली नरवाई (कापणीनंतर उरलेले खुंट) पेटवली गेली, दुपारी वारं सुटलं आणि आग आमच्या तारेच्या कुंपणाला येऊन भिडली. कुंपणाला लागून वाळलेलं कमरेएवढं गवत आणि घाणेरी होती, ती बघता बघता पेटली. गावातली माणसं पाण्याचा टँकर घेऊन धावत आली म्हणून घरापर्यंत काही पोचलं नाही. सासूबाई अजून रात्री उठून खिडकीतून बघतात धूर येतोय का.

आता बाबांचं (सासऱ्यांचं) म्हणणं आहे की सगळं जेसीबीने साफ करून घ्यायचं आणि फरशी टाकून मोकळं व्हायचं. त्यांची भीती मला कळते पण हे करायचं नाहीये. त्या जागेत मोर येतात, भारद्वाज रोज दिसतो, गवतात मुनियांचे थवे उतरतात, मुंगसाची जोडी आहे. हे सगळं घालवून तिथे राहण्यात काय अर्थ?

नेटवर शोधलं तर जे सापडतं ते सगळं कॅलिफोर्नियाचं, तिकडची झाडं, तिकडचा पाऊस. मला आपल्या माळव्यात चालेल असं पाहिजे. घराजवळ कोणती देशी झाडं लावू, कुंपणाचं काय करू, गवत ठेवू की काढू? बोअरला मे महिन्यात पाणी फार कमी असतं हे लक्षात घेऊन सांगा प्लीज.

---

पानगळ

मोगरा ताई, फरशीचा विषय बाबांना थोडे दिवस थांबवायला सांगा, दोन्ही जमतं.

सगळ्यात आधी एक घोळ निस्तरू या, कारण यात भले भले फसतात. आगीतून वाचणारं झाड वेगळं आणि आग पुढे न नेणारं झाड वेगळं. पळस, साग, मोह, तेंदू ही आपल्या जंगलातली झाडं पहिल्या प्रकारची आहेत. जाड साल असते, वरचं जळलं तरी मुळातून परत फुटतात, शेकडो वर्षं वणव्यांबरोबर राहिलीत ती. पण ती वाचतात म्हणजे तुमचं घर वाचतं असं नाही. साग फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्ण उघडा होतो आणि ती सुपाएवढी पानं खाली वाळून पडतात, हातात चुरली तर कुरकुरीत पापडासारखी मोडतात, आणि नेमका तोच आगीचा सीझन. मध्यप्रदेशात वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हाच वणव्याचा काळ धरतो. म्हणजे जंगलाने पानं टाकायची आणि आग लागायची वेळ आपल्याकडे एकच आहे. देशी झाड लावलं म्हणून सुरक्षित झालो असं होत नाही, ते झाड एप्रिलमध्ये कसं असतं ते बघावं लागतं.

तर माझं सांगणं एवढंच की नर्सरीची यादी बाजूला ठेवा आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी तीन वाजता गावात आणि नाल्याच्या काठाने एक चक्कर मारा. त्या उन्हात जे हिरवं आहे, ज्याचं पान बोटांत दाबलं तर ओलसर लागतं, ज्याच्या आत सुक्या काटक्यांचं जाळं नाही आणि ज्याच्या पानाला तेलाचा उग्र वास नाही, ते घराजवळचं झाड. बाकी सगळी लावाच, पण लांब.

आपल्या भागात या परीक्षेत पास होणारी म्हणजे जांभूळ, करंज, उंबर, वड, खिरणी, नाल्याच्या बाजूला अर्जुन. करंज उन्हाळ्याच्या तोंडाशी थोडे दिवस पान टाकतो पण लगेच नवीन पोपटी पालवी घेतो, फक्त ते पडलेलं पान तेवढ्या दिवसांत झाडून घ्यायचं. कडुनिंबाचंही तसंच. झुडपांमध्ये अडुळसा, करवंद, मेंदी, कढीपत्ता, लिंबू. आणि थोर, म्हणजे माळव्यात जुन्या शेतांच्या बांधावर असायचा तो काटेरी थोर, त्याच्या खोडातच पाणी भरलेलं असतं. चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो एवढं जपा, छाटताना चष्मा घालून छाटा.

लांब ठेवायची: बांबू (आतली सुकी पेरं आणि खालचा पाचोळा दोन्ही पेटतात), नीलगिरी असेल तर ती, आणि रोशा गवत, त्याच्यात तेल असतं. साग तर मागे आहेच.

आणि हे नीट ऐका, न जळणारं झाड असं काही नसतं. पाणी मिळालं नाही आणि आत सुकी लाकडं साठली तर जांभूळही पेटेल. जात निवडणं हे अर्धं काम, उरलेलं अर्धं काम दरवर्षी फेब्रुवारीत करायचं असतं, ते पुढे कोणीतरी सांगेलच नाहीतर मी लिहितो.

---

विटामाती

मी झाडांतला नाही, घरं बांधतो, त्यामुळे घराकडून लिहितो.

लोकांना वाटतं आगीची भिंत चालत येते आणि घराला गिळते. बहुतेक वेळा तसं होत नाही. वाऱ्यावर उडून आलेली ठिणगी, जळकं पान, ते कुठेतरी सुक्यावर बसतं आणि तिथून घर पेटतं. अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्व्हिसमधल्या जॅक कोहेन यांनी १९९० च्या दशकात यावर बरंच काम केलं, कॅनडातल्या जंगलात मुद्दाम मोठी आग लावून समोर लाकडी भिंती उभ्या करून बघितलं, तर १० मीटरवरच्या काही भिंती पेटल्या आणि २० मीटरवरच्या नाही पेटल्या. तीही उंचच उंच झाडांची शेंड्यापर्यंत गेलेली आग होती, आपल्याकडे जमिनीवरून सरकणारी गवत-पाचोळ्याची आग असते. म्हणजे खरी लढाई घर आणि त्याच्या भोवतालचे तीस मीटर एवढीच आहे. जंगल कापायची काही गरज नाही.

तुमचं कवेलूचं घर म्हणजे मला पहिली काळजी छपराची. कवेलू स्वतः जळत नाहीत पण सरकलेले असले की फटी राहतात, फटीत चिमण्यांची जुनी घरटी, पाचोळा, खाली लाकडी पट्ट्या. ठिणगीला अजून काय पाहिजे. दर वर्षी होळीच्या आधी छपरावर माणूस चढवून कवेलू फेरून घ्या आणि पन्हाळीतला पाचोळा काढा. झरोक्यांना, माळ्याच्या खिडकीला बारीक लोखंडी जाळी, भोकं तीन मिलिमीटरपर्यंत, प्लास्टिकची नको.

भिंतीपासून दीड मीटर काहीही जळणारं नको. मतलब काहीही. गिट्टी टाका नाहीतर मुरूम, तिथे झाडं पाहिजेच असतील तर मातीच्या कुंडीत. गोवऱ्या, सरपण, भुशाची पोती, जुन्या खाटा, काथ्याचे पायपुसणे, हे सगळं लोक घराला टेकवूनच ठेवतात. आणि ग्रीन नेट! इंदूरमध्ये आजकाल प्रत्येक अंगणावर ते लावलेलं दिसतं. ते प्लास्टिक आहे, ठिणगी पडली की वितळून पेटते थेंब खाली गळतात. सावली पाहिजे तर मांडवावर हिरवा वेल चढवा पण मांडव लोखंडी अँगलचा आणि घरापासून सुटा.

उताराची गोष्ट विसरू नका. आग चढावर जोरात पळते, साधारण दर १० अंश चढाला वेग दुप्पट होतो असा हिशोब धरतात. तुमचं जंगल खाली आणि घर वर, म्हणजे मागची बाजू पश्चिमेइतकीच नाजूक आहे. जमलं तर उतारावर काळ्या दगडाची कोरडी ताल (बांध) घाला, सिमेंट न वापरता, दोन-अडीच फूट उंचीची. माती धरून ठेवते आणि गवतातून सरकत येणारी आग तिथे अडते.

अजून एक, काळी माती उन्हाळ्यात आक्रसते आणि पावसात फुगते, त्यामुळे उंबर-वड घराच्या पायाजवळ अजिबात लावू नका, आगीसाठी नाही, पायासाठी. ते खालची ओल ओढतात आणि भिंतीला भेगा जातात.

---

सरळसोट

एवढं कशाला? फेब्रुवारीत स्वतःच सगळं गवत जाळून टाका नाहीतर तणनाशक मारा, एप्रिलमध्ये जळायला काही शिल्लकच राहणार नाही. आमच्याकडे असंच करतात.

---

टिटवी_माळवा

@सरळसोट भाऊ, तणनाशकाने गवत मरतं, नाहीसं होत नाही. उभंच वाळतं, म्हणजे आगीला तयार सरपण. आणि स्वतः पेटवायचं म्हटलं तर चार माणसं, पाणी, कापलेली पट्टी, वाऱ्याचा अंदाज एवढं सगळं लागतं, त्या घरात दोन म्हातारी माणसं आहेत. शिवाय गवताच्या बुडाशी लावा-तितर असतात, सरडे असतात, पळायला वेळ मिळत नाही त्यांना. विळ्याने कापून गुरंवाल्यांना द्यावं, ते आनंदाने नेतील.

मोगरा ताई, पक्ष्यांचा भाग मी सांगते, तीच माझी आवड आहे.

तुम्हाला सगळं वर्षभर साफ ठेवायची गरज नाही आणि वर्षभर जंगली ठेवायचीही नाही. जुलै ते जानेवारी बाग मोकळी सोडायची, वाढू दे काय वाढायचं ते, मग फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात कापणी. मुनिया पावसाळ्यात घरटी बांधतात, तेव्हा त्यांना उंच गवताची पाती लागतात, आणि पुढे थंडीभर त्या गवताच्या बिया खातात. जानेवारी संपेपर्यंत बी झडून गेलेलं असतं, आता त्या गवतापासून त्यांना फार काही मिळत नाही आणि तुम्हाला मात्र धोका सुरू होतो. म्हणून तोच मुहूर्त. आपल्या माळव्यात गवत आणि पक्षी यांचं नातं असंच ऋतूवर चालतं, सैलाना आणि सरदारपूरची खरमोराची अभयारण्यं याच भागातली, दोन्ही १९८३ ची, तो पक्षीही पावसाळ्यातच गवतात येऊन पिल्लं काढतो.

सगळं एकाच दिवशी कापू नका हां. घराकडून सुरुवात करून बाहेर जा, म्हणजे आतले प्राणी जंगलाकडे सरकतात. कुंपणाकडून कापत आलात तर ते घराकडे येतील, साप धरून. आणि तीस मीटरच्या पलीकडे, जागा असेल तर, गवताचे थोडे पुंजके तसेच राहू द्या, पण एकमेकांना न चिकटणारे, मधे दोन-तीन मीटर कापलेली पट्टी. आग पुंजक्यावरून पुंजक्यावर सहज उडी मारत नाही आणि तितराला मात्र तेवढा आडोसा पुरतो.

लाकडाच्या ओंडक्यांऐवजी दगडांचा ढीग करा. बागकामाचे सगळे लेख सांगतात की वाळकी लाकडं रचून ठेवा, किडे-सरडे येतील. बरोबर आहे पण आगीच्या जागेत ते चालत नाही. काळा दगड आपल्याकडे फुकट मिळतो, त्याच्या फटीत सरडे, पाली, बेडूक, मुंगूस सगळे राहतात आणि दगड जळत नाही. घरापासून लांब ठेवा कारण फटीत घोणसही राहू शकते, आईबाबांना रात्री टॉर्चशिवाय तिकडे जाऊ देऊ नका.

तुमच्या जागेत शिंदीची झाडं असतीलच, चोरल भागात विहिरीजवळ नाल्याजवळ भरपूर आहेत. तिच्या गळ्याभोवती जुन्या वाळक्या झावळ्यांचा घागरा लोंबत असतो, एक ठिणगी लागली की झाड मशालीसारखं पेटतं आणि जळक्या झावळ्या वाऱ्यावर लांब जाऊन पडतात. पण त्याच झाडावर हिरव्या झावळ्यांच्या टोकाला सुगरणीची घरटी असतात. सुगरण पावसाळ्यात विणीला येते. म्हणून झावळ्या जानेवारीत काढायच्या, फक्त वाळलेल्या, हिरवी एकही नाही. माणूस चढवाल त्याला हे दोनदा बजावून सांगा, नाहीतर ते सरसकट सगळं छाटून झाडाचा खराटा करून ठेवतात.

आणि ती घराभोवतीची गिट्टीची पट्टी, विटामाती यांनी सांगितलेली, ती उजाड वाटेल तुम्हाला पण टिटवीला नेमकी अशीच जागा आवडते. मार्चपासून पुढे ती उघड्या खड्यांवरच अंडी घालते, साधारण चार, टोकं आत करून ठेवलेली, आणि रंग असा की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. जास्त करून घराला चिकटून नाही, पण पुढे रस्त्याकडे मुरूमाचं मोकळं अंगण ठेवलंत तर नक्की येईल. गावातली माणसं अजूनही टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस चांगला म्हणतात.

पाणी ठेवा. सिमेंटचं उथळ कुंड, एका बाजूने उतरतं, आत एक दगड. एप्रिल-मेमध्ये त्या एका कुंडावर जेवढे पक्षी येतात तेवढे बाकी सगळ्या झाडांवर मिळून येत नाहीत.

---

बांधावरून

मी शेतकरी आहे, सांवेरकडचा, म्हणून शेताच्या बाजूने बोलतो, राग मानू नका.

नरवाई कोणी हौसेने नाही जाळत. हार्वेस्टर गहू वरून कापतो, खाली फूटभर नरवाई उभी राहते, पुढे मूग घ्यायचा असेल तर हातात थोडेच दिवस असतात, मजूर मिळत नाही, डिझेल महाग. काडी टाकली की तासात शेत मोकळं. पण जमिनीचं नुकसान होतं, वरच्या थरातले जीवजंतू मरतात, हे आम्हालाही दिसतं. सरकारने बंदी घातलीय, दंड आहे, दोन एकरच्या आत २,५०० रुपये, दोन ते पाच एकर ५,०००, त्याच्यावर १५,०००. २०२५ मध्ये तर असंही जाहीर केलं की १ मे पासून जो नरवाई जाळेल त्याला मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचा पैसा मिळणार नाही. तरी लोक जाळतात.

माझं म्हणणं असं की तुम्ही तक्रारीपासून सुरुवात करू नका. गव्हाला दाणा भरायच्या वेळी, म्हणजे फेब्रुवारीत, त्यांच्याकडे जाऊन बसा, चहा प्या, बाबांना पाठवा, वडीलधाऱ्या माणसाचं ऐकतात. त्यांना सांगा की हार्वेस्टरच्या मागे भुशाची मशीन फिरवा, नरवाईचा भुसा होतो आणि भुशाला गिऱ्हाईक कायम असतं. तुमच्या बांधालगतच्या पट्ट्यापुरता मशीनचा खर्च तुम्ही देतो म्हणा. कुंपणापासून तीन-चार मीटर त्यांच्या बाजूलाही नांगरून घेतलं तर दोघांचं काम होतं, त्यांची पाइपलाइन आणि मोटारही जळण्यापासून वाचते, हे पटवून द्या. सुपर सीडर मिळत असेल तर जाळायची गरजच पडत नाही, उभ्या नरवाईत पेरणी होते.

तुमच्या बाजूला जाळरेषा ठेवा. कुंपणाच्या आत तीन मीटर पट्टी, मार्चच्या आधी कुळवून नुसती माती उघडी करायची. पावसाळ्यात तिच्यावर हरळी येऊ द्या नाहीतर माती वाहून जाते. आणि तारेच्या कुंपणाचे लाकडी खांब बदलून दगडी चिपा बसवा, मिळतात इकडे.

एक राहिलं. मोहाचं झाड आहे का तुमच्या मागे? मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचणारे झाडाखाली पाचोळा पेटवतात, फुलं स्वच्छ दिसावीत म्हणून, आणि तिथून जंगलाला आग लागते. त्यांच्याशीही बोला. तुम्ही झाडाखाली झाडून दिलं किंवा जुनी साडी-चादर अंथरायला दिली तर त्यांना पेटवायची गरज राहत नाही, फुलं पण मातीत पडत नाहीत. पोटाचा प्रश्न आहे त्यांचा, हाकलून देऊन काही होणार नाही.

---

पानगळ

बांधावरून यांनी फार मोलाचं लिहिलंय. शेजारी आणि मोहवाले हे दोघं समजले तर अर्धा धोका तिथेच गेला.

आता कुंपणाचं. घाणेरी काढायलाच लागेल. ती हिरवी दिसते पण आत सुक्या फांद्यांचा गुंता असतो आणि ती झाडावर चढते, म्हणजे जमिनीवरची आग शिडी चढल्यासारखी वर जाते. नुसती कापलीत तर पावसात दुप्पट येईल. कुदळीने बुडाशी खणून, जमिनीच्या जरा खाली खोड आणि मुळं जिथे जुळतात तिथून तोडायची आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, मुळं वर, म्हणजे परत रुजत नाही. फळं धरायच्या आधी करा नाहीतर बुलबुल बी पसरवतील. काढल्यावर जागा रिकामी ठेवू नका, लगेच मारवेल किंवा पवना गवताचं बी टाका. रानतुळसही बघा, ती उग्र वासाची, बोंडांची, डिसेंबरनंतर उभी वाळते आणि काडेपेटीच असते ती. फुलायच्या आधी पावसाळ्यातच उपटायची, ओल्या मातीत सहज येते. ही दोन्ही बाहेरून आलेली, यांना काढल्याने देशी जिवांचं फार काही बिघडत नाही. मुनिया घाणेरीत घरटी करतात हे खरं, म्हणून एका वर्षात सगळी न काढता पश्चिमेची आधी काढा, तिथे करवंद वाढलं की मग मागची.

करवंदाचं कुंपण मला सगळ्यात जास्त आवडतं. बारा महिने हिरवं, काटे, चीक, उन्हाळ्यात फळं, आणि बुलबुल-मुनियांना घरट्याला अगदी सुरक्षित. बाहेरच्या बाजूने थोर, आतल्या बाजूने करवंद, मधे मधे अडुळसा. अडुळसा शेळ्या खात नाहीत, थंडीत पांढरी फुलं येतात आणि भुंगे-मधमाश्या दिवसभर असतात. पण कुंपण घरापर्यंत सलग आणू नका, शेवटचे दोन-तीन मीटर तोडा, नाहीतर तीच वात होते.

फुलपाखरांसाठी कढीपत्ता आणि लिंबू घराच्या मोरीच्या पाण्यावर लावा, कॉमन मॉर्मन आणि लाइम येतील. रुई कुठेतरी आपोआप उगवेलच, ती उपटू नका, प्लेन टायगर फुलपाखरू तिच्यावर अंडी घालतं. बहावा एखादा लांब.

पळस मात्र लावाच, मागच्या टोकाला तीस मीटरच्या पलीकडे. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच्यावर शिंजीर, कोतवाल, मैना, साळुंक्या सगळी जत्रा भरते. पान गळलं की त्याच्या खालचं ओढून खड्ड्यात टाका, वर माती टाका, पुढच्या वर्षी खत.

झाडांच्या खालच्या फांद्या, झाड मोठं झालं की, सहा-सात फुटांपर्यंत काढायच्या. आणि मोठ्या झाडाच्या अगदी खाली झुडूप नको. झुडूप जेवढं उंच त्याच्या तिप्पट अंतर वर मोकळं पाहिजे, म्हणजे तीन फुटांचा अडुळसा असेल तर वरची पहिली फांदी नऊ-दहा फुटांवर. पक्ष्यांना दाट जागा पाहिजेच, ती बाजूला बेटासारखी करा, झाडाखाली नाही.

---

मोगरा_इंदूर

मंडळी, डोळे भरून आले वाचताना, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. हा पूर्ण धागा बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. मोहाच्या झाडाचं ऐकून ते म्हणाले त्या बायकांना मी ओळखतो, मी बोलतो. आणि टिटवीचं ऐकून सासूबाई खूश, त्यांच्या माहेरी देवासला असंच म्हणायचे.

कागदावर असं काढलंय: घराभोवती दीड मीटर गिट्टी, मग पुढे रस्त्याकडे मुरूमाचं अंगण आणि पाण्याचं कुंड, मोरीच्या पाण्यावर कढीपत्ता-लिंबू-मेंदी. साधारण दहा मीटरपासून जांभूळ, करंज, एक खिरणी, सुटे सुटे. उंबर नाल्याच्या कोपऱ्यात. पश्चिमेला जाळरेषा आणि तिच्या आत करवंद-थोर. मागे उतारावर दगडी ताल, तालीच्या पलीकडे गवताचे पुंजके, एकदम टोकाला पळस. ग्रीन नेट उद्याच काढतोय.

दोन शंका राहिल्या. खिरणीची रोपं कुठे मिळत नाहीयेत आणि ती फार हळू वाढते म्हणतात, तर लावू का? आणि मेमध्ये पाणी नसताना कोणाला द्यायचं कोणाला नाही?

---

विटामाती

छान नकाशा आहे. फक्त सिंटेक्सची टाकी आणि तिचा पाइप कुठे आहे ते बघा, पश्चिमेला असेल तर पाइप जमिनीखाली फूटभर घ्या. आग आली तेव्हा नळच वितळलेला असेल तर पाण्याचा उपयोग नाही. गॅस सिलिंडरही त्या बाजूला नको.

टँकर आत वळेल एवढं गेट ठेवा, बारा फूट तरी. आणि फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडिया सॅटेलाइटवरून वणव्याचे अलर्ट मोबाईलवर पाठवते, त्यात सामान्य माणसालाही नाव नोंदवता येतं, ते करून घ्या. सॅटेलाइट फिरून यायला वेळ लागतो त्यामुळे गावातला एक फोन नंबर त्याच्यापेक्षा जास्त कामाचा, पण दोन्ही असू दे.

---

पानगळ

खिरणी लावाच. हळू वाढते हे खरं, पण एकदा लागली की पिढ्यान् पिढ्या उभी राहते, भर उन्हाळ्यात गर्द हिरवी, आणि पिवळी फळं पिकली की धनेश, बुलबुल, तांबट सगळे येतात. रोप मिळत नसेल तर चिकूची कलमं करणाऱ्या नर्सरीत विचारा, चिकूचं कलम खिरणीच्याच खुंटावर बांधतात त्यामुळे त्यांच्याकडे बिनकलमी रोपं असतात. किंवा उन्हाळ्यात बाजारात खिरण्या येतील तेव्हा खाऊन बिया लगेच पेरा, वाळवून ठेवू नका.

पाण्याचं असं करा. पहिला हक्क घराजवळच्या दहा मीटरचा, कारण तिथलं हिरवं राहणं म्हणजे घराचं राहणं. अंघोळीचं, भांड्यांचं पाणी तिकडेच वळवा, साबण कमी वापरा. दुसरा हक्क पहिली दोन-तीन वर्षं नवीन रोपांचा, आठवड्यातून एकदा पण भरपूर, रोज शिंतोडे मारून मुळं वरच राहतात. करवंद आणि थोराला दुसऱ्या उन्हाळ्यानंतर काही नको. बाहेरच्या गवताला कधीच नाही, ते वाळणारच, म्हणून तर फेब्रुवारीत कापायचं.

रोपांच्या आळ्यात पाचोळ्याचं आच्छादन घराजवळ करू नका, तिथे चपटे दगड मांडा, ओल तशीच टिकते. खड्डे आत्ताच मे महिन्यात खणून ठेवा, दोन बाय दोन बाय दोन फूट, काळी माती पावसात चिकट झाली की खणवत नाही. रोपं पहिला जोराचा पाऊस होऊन माती आतपर्यंत भिजली की, साधारण जुलैच्या पहिल्या आठवड्यात. थोराच्या फांद्या मात्र तोडून आठवडाभर सावलीत चीक वाळू द्या आणि मग खोचा, लगेच ओल्यात लावल्या तर कुजतात.

---

टिटवी_माळवा

आणि जांभळाच्या शेजारी एखादी पेरूची फांदी पक्ष्यांसाठी राखून ठेवा म्हणजे झालं, पेरू काही आपला नाही पण पोपटांना कोण सांगणार. ऑगस्टमध्ये मुनियांची घरटी दिसली की फोटो टाका ताई, लांबूनच काढा.